काळ्या तळ्यातला राक्षस आणि वकुलाचं पाणी

मुलांनो, नकाशाची वही घ्या आणि अमेरिकेचं पान उघडा. उजव्या हाताला, अगदी खाली, समुद्रात बोट बुडवल्यासारखा जमिनीचा एक लांबट तुकडा दिसतो ना? ते फ्लोरिडा राज्य. हे बोट जिथं हाताला जोडलेलं आहे, त्याच्या जरा डावीकडे टॅलाहासी नावाचं शहर सापडेल. ती या राज्याची राजधानी. तिथून दक्षिणेला बावीस-तेवीस किलोमीटर गेलं, की दाट झाडीत एक झरा लागतो. त्याचं नाव वकुला.

आज आपण तिथं जायचं. तिकीट नको, विमान नको, सामानाची बांधाबांध नको. मीसुद्धा तिथं पाऊल ठेवलेलं नाही. पुस्तकं, नकाशे आणि एक जुना चित्रपट, एवढ्याच वाटेनं मी वकुलाला जाऊन आले. त्याच वाटेनं तुम्हालाही नेते.

पण इतक्या लांबचा झराच का निवडला? कारण या झऱ्यात एकेकाळी एक राक्षस राहत होता! अंगभर खवले, बोटांना पडदे आणि गळ्याशी माशासारखे कल्ले. घाबरलात? घाबरू नका. त्याची गोष्ट सांगते, पण आधी त्याचं घर बघू.

झरा की पाताळाचं दार?

झरा म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं डोंगराच्या कपारीतून झुळझुळणारी पाण्याची बारीक धार येते. वकुला तसा नाही. तो आहे एक मोठं गोल तळं. त्याचा तळ शंभर फुटांहून खोल आहे. म्हणजे दहा मजली इमारत आत उभी केली, तर तीही बुडून जाईल. तळाशी एका गुहेचं तोंड आहे आणि त्या तोंडातून रात्रंदिवस पाणी वर येतं. दिवसाला सरासरी किती? सुमारे ९५ कोटी लिटर! दुष्काळात गावात १०,००० लिटरचा टँकर येतो ना, तसे ९५,००० टँकर रोज भरतील. करा हिशेब वहीत. या पाण्यातूनच वकुला नदी निघते आणि पुढे मेक्सिकोच्या आखाताकडे वाहत जाते.

एवढं पाणी येतं कुठून? फ्लोरिडाच्या जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेत खाली मुरतं, तेव्हा ते किंचित आम्ल होतं. असं पाणी हजारो वर्षं चुनखडीतून झिरपलं, की दगड हळूहळू विरघळतो. आधी भेगा पडतात, मग बोगदे होतात, मग मोठाल्या गुहा. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, तो असा विरघळत नाही. म्हणून अशी पाण्यानं भरलेली भुयारं आपल्याकडे दिसत नाहीत. वकुलाच्या गुहेत पाणबुडे शिरले, पुढे पुढे गेले आणि त्यांनी तिचे नकाशे काढले. २००७ मध्ये ही गुहा दुसऱ्या एका मोठ्या गुहेला आतून जोडलेली आहे, हे सिद्ध झालं. या जाळ्याची मोजलेली लांबी आता पन्नास किलोमीटरांहून जास्त आहे. सगळा काळोख आणि सगळं पाणी!

पाण्याचं तापमान बारा महिने साधारण २१ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात कोमट.

आणि तळाशी काय सापडलं ठाऊक आहे? हाडं! १८५० मध्ये सारा स्मिथ नावाच्या बाईंनी लिहून कळवलं, की झऱ्याच्या तळाशी एका प्रचंड जनावराची हाडं दिसताहेत. पाणी किती स्वच्छ असेल बघा, एवढ्या खोलवरची हाडं काठावरून ओळखू यावीत! ती हाडं होती मॅस्टोडॉनची. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा हिमयुगातला नातेवाईक. तो हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. १९३० मध्ये मॅस्टोडॉनचा सांगाडा पाण्यातून वर काढला. आज तो टॅलाहासीच्या इतिहास संग्रहालयात उभा आहे.

राक्षस पाण्यात उतरतो

आता राक्षसाकडे वळू. हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल नावाची चित्रपट कंपनी आहे. भयपटांसाठी ती जगभर गाजली. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ चे, ‘द ममी’ १९३२ चा, ‘द वुल्फ मॅन’ १९४१ चा. सगळे कृष्णधवल. त्यात लांबलचक सावल्या, धुकं आणि करकरणारे दरवाजे असत. पुढे त्यांना नवा राक्षस हवा होता. निर्माते विल्यम अ‍ॅलंड यांना एक जुनी आठवण आली. एकदा जेवताना गॅब्रिएल फिगेरोआ या मेक्सिकन छायालेखकानं त्यांना एक लोककथा सांगितली होती. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात अर्धा माणूस आणि अर्धा मासा असा एक प्राणी राहतो म्हणे! त्या गप्पांतून चित्रपट जन्मला ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’, म्हणजे काळ्या तळ्यातला प्राणी. तो १९५४ मध्ये पडद्यावर आला. दिग्दर्शक होते जॅक आर्नल्ड. खास चष्मा लावून बघायचा त्रिमिती चित्रपट होता तो.

गोष्ट अ‍ॅमेझॉनची, पण पाण्याखालचं चित्रण करायचं कुठं? अ‍ॅमेझॉनच्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काय दिसणार? काचेसारखं पाणी पाहिजे. शोधता शोधता मंडळी वकुलाला आली. तिथं आधीही टारझनच्या चित्रपटाचं चित्रण झालेलं होतं. त्यांना झरा दाखवायला एक तरुण पोहणारा बरोबर होता, रिकू ब्राउनिंग. पाणी कसं दिसतं ते बघायचं, म्हणून त्याला कॅमेऱ्यासमोर जरा पोहायला सांगितलं. त्याचं पोहणं बघून सगळे खूश झाले आणि थोड्या दिवसांनी त्याला विचारणा झाली, ‘आमचा राक्षस होशील का?’

तर अशी ही नोकरी! जमिनीवरचा राक्षस वेगळा होता, बेन चॅपमन नावाचा चांगला साडेसहा फुटांच्या जवळपास उंच माणूस. पाण्यातला राक्षस मात्र रिकू.

आता जरा विचार करा. राक्षसाला कल्ले आहेत, म्हणजे तो माशासारखा श्वास घेणार. मग त्याच्या तोंडातून हवेचे बुडबुडे येऊन चालतील का? मुळीच नाही. त्यामुळे रिकूच्या पाठीवर हवेची टाकी बांधता येईना. तो दम रोखून पोहायचा. कधी कधी तब्बल चार मिनिटं! जवळच कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर मदतनीस हवेची नळी घेऊन थांबलेले असत. रिकू नळीतून श्वास घेई, नळी परत देई आणि पोहत दृश्यात शिरे. दम संपला, की हातपाय सैल सोडून नुसता तरंगत राही. ती खूण होती. खूण दिसली, की मदतनीस नळी घेऊन झेपावत. त्यात अंगावर रबराचं जाड सोंग. ते पाण्यावर तरंगू बघे, म्हणून त्याला वजनं लावलेली. मुखवट्याच्या भोकांतून दिसे ते किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं, आणि तेही धूसर.

(हे वाचून कुणी विहिरीत किंवा टाकीत दम रोखायचा खेळ खेळायचा नाही, बरं का! रिकू तयारीचा पोहणारा होता आणि त्याच्याभोवती मदतनीस होते. तरीही ते काम धोक्याचंच होतं.)

रिकू ब्राउनिंग पुढे ‘फ्लिपर’ या डॉल्फिन माशाच्या गोष्टीचा एक निर्माता झाला. आता मीच डॉल्फिनला मासा म्हटलं! सहावी-सातवीतल्या हुशार मुलांनी लगेच पकडलं असेल. डॉल्फिन मासा नव्हे, सस्तन प्राणी. २०२३ मध्ये, ९३ व्या वर्षी रिकू वारला.

चित्र काढणारी बाई

राक्षसाचं रूप कुणी ठरवलं? मिलिसेंट पॅट्रिक नावाच्या चित्रकार बाईनं. ती आधी वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत काम करून आलेली होती. खवले, कल्ले, जाड ओठ, पडद्यांची बोटं हे सगळं तिनं कागदावर रेखाटलं. त्यावरून इतर कारागिरांनी साचे केले आणि रबराचं सोंग घडवलं. कंपनीनं जाहिरातीसाठी तिला गावोगाव पाठवलं. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. रंगभूषा विभागाचे प्रमुख होते बड वेस्टमोर. त्यांना हे खपलं नाही. चित्रपटाच्या नामावलीत नाव आलं फक्त त्यांचं आणि मिलिसेंटला त्यांनी पुढे काम देणं बंद केलं. कितीतरी वर्षं लोकांना वाटत राहिलं, की राक्षस वेस्टमोर यांचाच. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी जुने कागद, जुने फोटो धुंडाळले, २०१९ मध्ये तिच्यावर एक पुस्तकही आलं आणि मिलिसेंटचं नाव पुन्हा उजेडात आलं.

वर्गात हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मग राक्षस कोण?’ सगळा वर्ग हसला. मी मात्र तिचा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. कारण चित्रपट बघतानाही नेमका हाच प्रश्न पडतो.

राक्षसाची बाजू

चित्रपटात काही शास्त्रज्ञ बोटीतून काळ्या तळ्यात जातात. हे तळं कुणाचं? त्या प्राण्याचं. तो तिथला एकटाच रहिवासी. हे पाहुणे येतात आणि काय करतात? त्याला पकडायचं ठरवतात. मासे गुंगवायचं औषध पाण्यात टाकतात. भाल्यासारखे बाण मारतात. एका दृश्यात बोटीवरून कुणी जळतं थोटूक पाण्यात टाकतं आणि लगेच खालून कॅमेरा दाखवतो, की राक्षस वर बघतो आहे. बोलत काहीच नाही. नुसता बघतो.

आणखी एक दृश्य जगभर प्रसिद्ध आहे. के नावाची शास्त्रज्ञ बाई पांढरा पोहण्याचा पोशाख घालून तळ्यात पोहते आहे. वर सूर्याचा उजेड, खाली अंधार. आणि तिच्या अगदी खाली, पाठीवर उलटा होऊन, राक्षस तिच्याबरोबर पोहतो आहे. तिला पत्ताच नाही! के झाली होती ज्युली अ‍ॅडम्स, पण पाण्याखालच्या दृश्यांत तिच्याऐवजी जिंजर स्टॅन्ली ही पोहणारी मुलगी होती. ती आणि रिकू, दोघंही वकुलाच्या पाण्यात. बघताना भीती वाटते, पण त्या बिचाऱ्याची कीवही येते. त्याला कुणीतरी सोबत हवी असावी, असं वाटतं.

असंच वाटलं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या एका मुलाला. त्याचं नाव गिएर्मो देल तोरो, जन्म १९६४ चा. सहा-सात वर्षांचा असताना त्यानं हा चित्रपट पाहिला. शेवटी राक्षसाला गोळ्या लागतात आणि तो पाण्यात बुडत जातो. मुलगा हिरमुसला. त्याला हवं होतं, की राक्षस आणि ती मुलगी यांची गट्टी जमावी.

मोठा होऊन तो दिग्दर्शक झाला आणि २०१७ मध्ये त्यानं स्वतःच ती गोष्ट बदलून टाकली. त्या चित्रपटाचं नाव ‘द शेप ऑफ वॉटर’, म्हणजे पाण्याचा आकार. काळ १९६२ चा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका गुप्त प्रयोगशाळेत पाण्यातला एक माणूस-प्राणी साखळदंडात ठेवलेला असतो. तिथं झाडलोट करणारी, बोलता न येणारी एलायझा त्याला उकडलेली अंडी देते, खुणांची भाषा शिकवते आणि शेवटी सोडवते. म्हणजे राक्षस तोच, पण बाजू उलटी. खवल्यांचं सोंग घालणाऱ्या डग जोन्सला ते चढवायलाच तीनेक तास लागत. गंमत पाहा, जुन्या चित्रपटात खरं पाणी होतं. या नव्या चित्रपटाच्या सुरुवातीला घरभर पाणी भरलेलं दिसतं, तिथं मात्र पाणी नाहीच! खोलीत धूर सोडला, वस्तू तारांनी टांगल्या, पंखे लावले आणि पाण्यासारखा हलता उजेड टाकला. मार्च २०१८ मध्ये या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं.

आईबाबांसाठी एक सूचना : ‘द शेप ऑफ वॉटर’ हा मोठ्यांचा चित्रपट आहे, मुलांसोबत बघायचा नाही. जुना कृष्णधवल चित्रपट मात्र पाचवी-सहावीपुढच्या मुलांना शेजारी बसवून दाखवता येईल.

म्हातारा जो

आता परत वकुलाला. झऱ्याच्या काठावर एक जुनी देखणी इमारत आहे. एडवर्ड बॉल या श्रीमंत गृहस्थानं १९३७ मध्ये ती बांधली. संगमरवरी फरशी, रंगवलेलं लाकडी छत. दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी आहे आणि पेटीत आहे एक अ‍ॅलिगेटर. म्हणजे मगरीचा भाऊबंद. लांबी ११ फूट २ इंच. पेंढा भरून ठेवलाय त्याला.

याचं नाव ओल्ड जो, आपण म्हातारा जो म्हणू. पोहण्याच्या जागेच्या समोरच्या वाळूवर तो दिवसच्या दिवस ऊन खात पडलेला असे. अलीकडे माणसं पोहताहेत, पलीकडे हा पडलाय. त्यानं कुणाला कधी इजा केली नाही, असं तिथं सांगतात. आणि १९६६ च्या ऑगस्ट महिन्यात त्याला कुणीतरी गोळी घालून मारलं. मारणाऱ्याला पकडून देणाऱ्यासाठी बॉलनं ५,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं.

चित्रपट आला १९५४ मध्ये, जो मेला १९६६ मध्ये. पाण्यातला प्राणी आपल्या घरात राहतो, कुणाच्या वाटेला जात नाही आणि बाहेरून येऊन कुणी गोळी घालतं. पडद्यावरची गोष्ट बारा वर्षांनी त्याच पाण्याच्या काठावर खरी झाली. फळ्यावरचा तो प्रश्न आठवतो ना? मग राक्षस कोण?

काचेचं पाणी काळं का झालं?

१९८६ मध्ये फ्लोरिडा सरकारनं ही जागा घेतली आणि तिथं उद्यान केलं. आजही बोटीतून नदीवर फेरी मारता येते. दोन्ही काठांना पाण्यात उभे असलेले उंच सायप्रस वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून राखाडी दाढीसारखं लोंबणारं शेवाळासारखं झुडूप, ओंडक्यावर ओळीनं बसलेली कासवं, पंख पसरून वाळवणारे पाणपक्षी आणि काठावर निवांत अ‍ॅलिगेटर. हिवाळ्यात समुद्राकडून मॅनटी येतात. समुद्रगाईच्या जातीचे हे ढब्बू, गरीब प्राणी कोमट पाण्यात मुक्कामाला येतात.

पण एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी काचेच्या तळाच्या बोटी असत. प्रवासी बसल्या जागी खाली वाकून मासे, गुहेचं तोंड आणि पुरातन हाडं बघत. गेल्या काही वर्षांत या बोटी फार क्वचित निघतात. कारण खाली दिसतच नाही! पाणी पुष्कळदा चहासारखं तपकिरी नाहीतर हिरवट असतं.

तपकिरी रंग झाडांच्या पाल्याचा. दलदलीतला पाला पाण्यात भिजून रंग सोडतो, तो तसा निसर्गाचाच. पण त्यात माणसानं भर घातली. शेतातली, हिरवळीवरची खतं आणि घरांचं सांडपाणी जमिनीत मुरलं. त्यातलं नायट्रेट झऱ्यात आलं. नायट्रेट म्हणजे वनस्पतींचा खाऊ. शेवाळ माजलं. १९९७ मध्ये झऱ्यात हायड्रिला नावाचं परदेशी पाणगवत सापडलं, तेही झपाट्यानं पसरलं. पुढे मॅनटींनी ते फस्त करायला सुरुवात केली, तेवढी मदत झाली! पण लिंपकिन नावाचा गोगलगायी खाणारा पक्षी, जो वकुलाची शान होता, तो गोगलगायी संपल्यावर तिथून नाहीसा झाला.

शहर तर वीस किलोमीटर लांब. मग सांडपाणी इथं येतं कसं? शास्त्रज्ञांनी साधी युक्ती केली. टॅलाहासीचं सांडपाणी जिथं शेतावर फवारलं जाई, तिथं जमिनीखाली त्यांनी निरुपद्रवी रंग सोडला आणि वाट बघितली. काही आठवड्यांनी तो रंग वकुलात उगवला! जमिनीखालची भुयारं खोटं बोलत नाहीत. मग शहरानं खूप पैसा खर्चून सांडपाणी शुद्ध करण्याची नवी यंत्रणा उभारली आणि झऱ्यातलं नायट्रेट बरंच कमी झालं. पाणी अजून जुन्यासारखं झालेलं नाही, पण काम थांबलेलंही नाही.

त्यामुळे तो जुना चित्रपट आता नुसता भयपट उरलेला नाही. वकुलाचं पाणी पूर्वी किती नितळ होतं, याचा तो पुरावाच झाला आहे. रिकू दम रोखून पोहला, म्हणून ते पाणी आज आपण बघू शकतो.

करून पाहा

दोन काचेचे पेले घ्या. दोन्हींत स्वच्छ पाणी भरा आणि दोन्हींच्या मागं वर्तमानपत्राचा कागद धरा. एकात चहाची वापरलेली पत्ती चमचाभर टाका, दर अर्ध्या तासानं अक्षरं वाचून बघा आणि कधी वाचता येईनाशी झाली ते लिहून ठेवा. मग ती पत्ती गाळून काढा आणि पुन्हा बघा. पत्ती गेली, पण रंग गेला का? पाणी पुन्हा पहिल्यासारखं करायला काय काय करावं लागेल, ते तुमच्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना विचारा. आणि फळ्यावरच्या त्या प्रश्नाचं तुमचं उत्तर वहीत चार ओळींत लिहा.